चुकू शकेल असं मॉडेल: मेंदूच्या गणितातली पीएचडी

१९६९ साली ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’मध्ये लहान मेंदूवरचा एक लांबलचक निबंध छापून आला. लेखक होता डेव्हिड मार, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातला चोवीस वर्षांचा संशोधक. शिक्षणानं गणिती. निबंधात त्यानं स्वतः केलेला एकही प्रयोग नव्हता. दोनच वर्षांपूर्वी जॉन एक्लस, मासाओ इटो आणि यानोश सेंतागोथाइ यांनी लहान मेंदूची रचना बारकाईनं सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. कुठली पेशी कुठल्या पेशीला जोडलेली आहे आणि कोण कोणाला चेतवतं, हे त्यातून बरंचसं कळत होतं. एवढी सगळी जोडणी कशासाठी आहे, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. मारनं तोच प्रश्न घेतला.

लहान मेंदूत पुर्किंजे नावाच्या मोठ्या पेशी असतात. एकेका पुर्किंजे पेशीवर दीड-दोन लाख समांतर तंतू येऊन टेकतात आणि त्याच पेशीला वेढून वर चढणारा तंतू मात्र एकच असतो. हे टोकाचं विषम प्रमाण मारच्या डोळ्यांत भरलं. त्यानं असं मांडलं, की समांतर तंतू शरीराची त्या क्षणाची स्थिती कळवतात आणि चढता तंतू ‘आता शिक’ अशी सूचना देतो. दोन्ही एकाच वेळी जागे झाले, की समांतर तंतू आणि पुर्किंजे पेशी यांच्यातले जोड, म्हणजे सिनॅप्स, बदलतात. सायकल चालवणं किंवा तबल्यावर बोट बसणं म्हणजे या लाखो जोडांमध्ये होत गेलेला बदल.

मारच्या मते हे जोड बळकट होत होते. १९७१ साली जेम्स अल्बस या अमेरिकन अभियंत्यानं जवळपास तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली, पण जोड दुबळे होत असणार असं म्हटलं. १९८२ साली इटो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात जोड दुबळे होताना दिसले. दिशेच्या बाबतीत मारचं म्हणणं खोटं ठरलं होतं. तो ते पाहायला नव्हता. १९८० साली रक्ताच्या कर्करोगानं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. पुढच्या संशोधनात हे जोड दोन्ही दिशांनी बदलू शकतात असंही दिसलं आणि तो वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. तरीही मारचा निबंध आज अभ्यासला जातो, कारण प्रयोग करणाऱ्यांनी नेमकं काय तपासायचं हे त्यानं सांगून ठेवलं होतं.

कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्समधली पीएचडी कशासाठी करायची, याचं उत्तर या गोष्टीत आहे. मेंदूबद्दल गणिताच्या भाषेत असं विधान करायला शिकायचं, की जे प्रयोगानं खोडता येईल. संगणक, समीकरणं, प्रचंड आकडेवारी ही त्यासाठीची साधनं आहेत.

पाया: प्लिमथचा माकूळ

या शाखेतल्या विद्यार्थ्याची सुरुवात बहुतेक वेळा हॉजकिन आणि हक्सली यांच्या समीकरणांनी होते. स्क्विड, म्हणजे आपल्या कोकणातला माकूळ, याच्या शरीरात एक अवाढव्य मज्जातंतू असतो. त्याची जाडी अर्धा ते एक मिलिमीटर भरते, त्यामुळे त्याच्या आत इलेक्ट्रोड सरकवता येतो. १९३९ साली प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि त्याचा विद्यार्थी अँड्र्यू हक्सली यांनी तंतूच्या आत इलेक्ट्रोड घालून त्याचा विद्युत्‌स्पंद नोंदवला. त्याला आपण पुढे स्पाइक म्हणू. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि दोघंही युद्धकार्यात गेले.

युद्धानंतर त्यांनी मोजमापं पुरी केली आणि १९५२ साली निबंधांची मालिका प्रसिद्ध केली. तंतूच्या पडद्यातून सोडियम आणि पोटॅशियमचे आयन कधी, किती वेगानं आत-बाहेर करतात, हे त्यांनी चार समीकरणांत बसवलं. समीकरणं सोडवायला केंब्रिजचा संगणक हवा होता, पण तो त्या काळात फेरबदलांसाठी बंद होता. हक्सलीनं हातानं फिरवायच्या गणनयंत्रावर आकडेमोड केली. तंतूतून धावणाऱ्या एका स्पाइकचं गणित पुरं व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. उत्तर आलं सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष तंतूत मोजलेला वेग होता २१.२ मीटर.

हा वेग समीकरणांत आधीच भरून ठेवलेला नव्हता. पडद्याच्या एका तुकड्यावरची मोजमापं घेतली, त्यांवरून सूत्रं बांधली आणि त्या सूत्रांतून संपूर्ण तंतूचं वागणं बाहेर आलं. शिवाय समीकरणं नीट बसण्यासाठी पडद्यात उघडझाप करणारी द्वारं कल्पावी लागली होती. ती द्वारं त्या वेळी कोणी पाहिलेली नव्हती. १९७६ साली एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांनी एकेका आयन-मार्गिकेतून वाहणारा प्रवाह मोजून दाखवला, तेव्हा त्या कल्पनेला ठोस आधार मिळाला. हॉजकिन आणि हक्सली यांना १९६३ चं नोबेल मिळालं, नेहर आणि झाकमान यांना १९९१ चं.

हीच समीकरणं आज साध्या लॅपटॉपवर क्षणात सुटतात. त्यामुळे विद्यार्थ्यापुढचा प्रश्न बदलला आहे. गणित सुटेल का, याची आता फारशी चिंता नसते. कुठलं गणित मांडायचं, हे मात्र स्वतःला ठरवावं लागतं.

किती तपशील पुरे?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. प्रत्येक पेशीत हजारो जोड, प्रत्येक जोडात शेकडो प्रकारचे रेणू. सगळं मॉडेलमध्ये घालणं अशक्य आहे, आणि घालता आलं तरी त्यातून समज येईलच असं नाही. म्हणून काय गाळायचं हा निर्णय पहिल्या वर्षापासून घ्यावा लागतो.

सर्वांत साधं मॉडेल १९०७ साली लुई लापिक या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कामातून आलं. गळक्या बादलीत पाणी ओतत राहावं, थोडं गळत राहावं आणि काठापर्यंत पोचलं की बादली उपडी करावी, तशी ही पेशी विद्युतभार साठवते, थोडा गमावते आणि मर्यादा ओलांडली की स्पाइक देऊन पुन्हा रिकामी होते. हजारो पेशींच्या जाळ्याचा अभ्यास करायचा असेल तर एवढं पुष्कळदा पुरतं. पण एकाच पेशीच्या फांद्यांवर आलेले संदेश एकमेकांत कसे मिसळतात, हा प्रश्न असेल तर विल्फ्रिड रॉल यांनी विकसित केलेला केबल सिद्धांत लागतो. जोडाच्या आत कॅल्शियम कसं पसरतं हे पाहायचं असेल, तर रेणूंच्या पातळीवर उतरावं लागतं.

प्रश्नाची पातळी कशी ओळखायची, यासाठी पुन्हा मारकडेच यावं लागतं. ‘व्हिजन’ हा त्याचा ग्रंथ १९८२ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यात त्यानं तीन वेगळे प्रश्न विचारायला सांगितलं: मेंदू इथे कुठला प्रश्न सोडवतोय आणि का, तो कुठल्या पद्धतीनं सोडवतोय, आणि ती पद्धत पेशींमध्ये प्रत्यक्ष कशी उतरली आहे. चांगला गाइड विद्यार्थ्याच्या पहिल्या मसुद्यावर बहुधा हाच शेरा मारतो: यातला नेमका कुठला प्रश्न तू विचारतो आहेस?

दार कुठून उघडतं

या शाखेला स्वतःचं नाव मिळालं ते १९८० च्या दशकात. एरिक श्वार्ट्झ यांनी १९८५ साली कॅलिफोर्नियात त्याच नावाची परिषद भरवली. पुढे कॅल्टेकमध्ये गणन आणि मज्जाव्यवस्था यांचा स्वतंत्र पीएचडी कार्यक्रम उभा राहिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९९८ साली गॅट्सबी युनिट सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख जेफ्री हिंटन. जर्मनीत २००४ पासून बर्नस्टाइन नेटवर्कनं बर्लिनसह अनेक शहरांत केंद्रं जोडली.

भारतातही ही वाट आता नवखी राहिलेली नाही. उपिंदर भल्ला यांनी कॅल्टेकमध्ये जेम्स बोवर यांच्याकडे वासाच्या केंद्रातल्या पेशींची मॉडेलं करून पीएचडी केली आणि पुढे बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये प्रयोग आणि मॉडेल एकाच छताखाली आणणारी प्रयोगशाळा उभारली. १९९९ साली रवी अय्यंगार यांच्याबरोबर त्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की पेशीतल्या रासायनिक संदेशवाटा एकमेकींत गुंतल्या, की त्यांतून स्मृतीसारखे टिकाऊ गुणधर्म निर्माण होऊ शकतात. बंगळुरूच्याच आयआयएससीमध्ये ऋषिकेश नारायणन यांचा गट स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या पेशींवर प्रयोग आणि गणित दोन्ही करतो. आयआयटी मद्रासमध्ये श्रीनिवास चक्रवर्ती पार्किन्सनच्या आजारात बिघडणाऱ्या बेसल गँग्लियाची मॉडेलं करतात. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला फार लांब जायचीही गरज नाही. पुण्याच्या आयसरमध्ये सुहिता नाडकर्णी सिनॅप्सच्या आतल्या घडामोडींवर आणि कॉलिन्स असिसी मज्जापेशींच्या जाळ्यांवर काम करतात.

प्रवेशासाठी नेट-जेआरएफ, गेट, जेस्ट, जीबिल्स अशा परीक्षांपैकी संस्थेला चालणारी एखादी परीक्षा आणि त्यानंतर मुलाखत, असा सर्वसाधारण क्रम असतो. जानेवारी २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोशिप महिना ३७,००० रुपये झाली. दोन वर्षांनी ती सीनियर झाली की ४२,००० रुपये. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. घरच्यांना विचारायचा असतो तो प्रश्न हाच, म्हणून तो आकडा सांगून ठेवला.

भौतिकशास्त्र, गणित, अभियांत्रिकी, जीवशास्त्र, मानसशास्त्र, अशा सगळ्या बाजूंनी विद्यार्थी इथे येतात आणि प्रत्येकाला काहीतरी नव्यानं शिकावं लागतं. अभियंत्याला पेशीचं जीवशास्त्र, जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला अवकल समीकरणं, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि पायथॉनमध्ये प्रोग्रॅमिंग. लॅरी ॲबट हे मूळचे कणभौतिकीचे. ब्रँडाइस विद्यापीठात ईव्ह मार्डर यांच्या प्रयोगशाळेत खेकड्या-लॉब्स्टरच्या मज्जापेशींचं काम पाहून ते या शास्त्राकडे वळले. पुढे पीटर डायन यांच्याबरोबर २००१ साली त्यांनी लिहिलेलं ‘थिऑरेटिकल न्यूरोसायन्स’ हे या शाखेचं मुख्य पाठ्यपुस्तक झालं.

पहिली दोन वर्षं

कोर्सवर्क, सेमिनार, जर्नल क्लब आणि सर्वंकष परीक्षा यांत पहिला काळ जातो. त्याच काळात करायचं सर्वांत उपयोगी काम म्हणजे दुसऱ्यानं प्रसिद्ध केलेलं एखादं मॉडेल स्वतः पुन्हा बांधणं. निबंधातलं सूत्र घ्यायचं, ‘न्यूरॉन’ किंवा ‘ब्रायन’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचं आणि त्यांच्यासारखी आकृती येते का ते पाहायचं. पुष्कळदा ती येत नाही. एखादं एकक वेगळं असतं, एखादा स्थिरांक निबंधात द्यायचा राहिलेला असतो, गणनेतली काळाची पायरी फार मोठी धरलेली असते. मॉडेलडीबी या सार्वजनिक संग्रहात शेकडो मॉडेलांचे मूळ प्रोग्रॅम ठेवलेले आहेत, त्यांच्याशी ताडून पाहता येतं. निकालाचा कुठला भाग मूळ कल्पनेतून आला आणि कुठला केवळ एखाद्या आकड्याच्या निवडीतून, हे विद्यार्थ्याला या खटपटीतूनच दिसू लागतं.

याच काळात गाइड आणि विषय पक्के होतात. प्रयोग करणाऱ्या एखाद्या गटाशी नियमित बोलणं होईल असा विषय घ्यावा. त्यांच्या टेबलाशेजारी बसून एखादी तरी नोंद प्रत्यक्ष होताना पाहावी. आलेखावरच्या प्रत्येक बिंदूमागे किती गोंगाट असतो हे कळल्यावर मॉडेल करणाऱ्याचा हात आपोआप जपून चालतो. गाइड निवडताना त्यांचे निबंध वाचावेतच, शिवाय त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी मोकळेपणानं बोलावं. पाच-सहा वर्षांचं सुखदुःख त्या नात्यावर ठरतं.

मधली वर्षं: आलेख जुळला, पण

तिसऱ्या-चौथ्या वर्षी मॉडेलचा आलेख प्रयोगाच्या आलेखावर बसतो. मोठा आनंदाचा क्षण असतो तो, आणि इथेच सर्वांत सावध राहायला हवं.

लॉब्स्टर आणि खेकड्यांच्या पोटाशी सुमारे ३० मज्जापेशींचा एक छोटा पुंज असतो. अन्न चाळणाऱ्या स्नायूंना तो तालबद्ध आज्ञा देतो. ईव्ह मार्डर यांनी सगळी कारकीर्द या पुंजावर घालवली. २००४ साली ॲस्ट्रिड प्रिन्झ, डर्क बुखर आणि मार्डर यांनी याच जाळ्याच्या तीन पेशींच्या मॉडेलची दोन कोटींहून अधिक रूपं संगणकावर चालवली. पेशींचे गुणधर्म आणि जोडांची ताकद दर वेळी वेगळी. त्यांतल्या चार लाखांहून अधिक रूपांनी खऱ्या प्राण्यासारखाच ताल धरला. आतले आकडे मात्र एकमेकांपासून कितीतरी दूर होते.

यातून एक अपेक्षा निघाली: खऱ्या प्राण्यांमध्येही तोच ताल वेगवेगळ्या आकड्यांनी साधलेला असावा. २००६ साली मार्डर यांच्याच प्रयोगशाळेनं वेगवेगळ्या खेकड्यांतल्या त्याच ओळखीच्या पेशी मोजल्या, तर आयन-मार्गिकांचं प्रमाण एका प्राण्यापासून दुसऱ्यात दुपटी-चौपटीनं बदलत होतं. म्हणजे ‘माझा आलेख जुळला’ एवढ्यानं माझे आकडे खरे ठरत नाहीत. आलेख जुळवणारी आणखी लाखो उत्तरं असू शकतात. माझं मॉडेल अजून न केलेल्या कुठल्या प्रयोगाबद्दल काही सांगतं का, हे विचारायला हवं.

दुसरा धडा एरिक जोनास आणि कोनराड कोर्डिंग यांनी २०१७ साली दिला. मेंदूचा डेटा तपासायच्या प्रचलित पद्धती त्यांनी जुन्या ६५०२ या मायक्रोप्रोसेसरच्या संगणकीय प्रतिकृतीवर लावल्या. यात साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर आहेत आणि ती चिप कशी चालते हे आपल्याला पूर्ण ठाऊक आहे. एकेक ट्रान्झिस्टर बंद करून पाहिला, तर काही बंद केल्यावर फक्त ‘डाँकी काँग’ हा खेळच सुरू होईना. मेंदूच्या बाबतीत आपण चटकन म्हटलं असतं, हा डाँकी काँगचा ट्रान्झिस्टर! चिपचं खरं काम त्यातून काहीच कळलं नसतं. जी पद्धत उत्तर माहीत असलेल्या यंत्रावर फसते, ती उत्तर माहीत नसलेल्या मेंदूवर वापरताना थांबून विचार करावा, हा धडा प्रत्येक प्रबंधाला लागू आहे.

नुसता नकाशा हाती असणंही पुरेसं नाही. सी. एलिगन्स या सूक्ष्म कृमीच्या ३०२ मज्जापेशींची जोडणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा आला: सुमारे १ लाख ३९ हजार पेशी आणि पाच कोटींहून अधिक जोड. तरी कृमीचं वागणं आपल्याला आजही नकाशावरून पूर्णपणे वर्तवता येत नाही. नकाशा आणि वागणं यांच्या मधलं अंतर गणितानं भरायचं आहे, आणि पुढच्या पिढीच्या प्रबंधांना तिथे भरपूर जागा आहे.

प्रबंधानंतर

चांगला प्रश्न दोन शास्त्रांच्या सीमेवर कसा फळतो, याचं उदाहरण पीटर डायन यांचं आहे. त्यांची एडिनबरोतली पीएचडी १९९१ ची, विषय बक्षीस आणि चुकीतून यंत्रांनी शिकणं. दरम्यान वोल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांच्या मेंदूत डोपामाइनच्या पेशींचं कोड्यात टाकणारं वागणं दिसत होतं. अनपेक्षित फळरस मिळाला की त्या चेतत. रसाची सूचना देणारा दिवा ओळखीचा झाला की दिव्यालाच चेतत. दिवा लागूनही रस आला नाही, तर रसाच्या ठरल्या वेळी गप्प होत. १९९७ साली शुल्ट्झ, डायन आणि रीड मॉन्टेग यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की हे वागणं यंत्र-शिक्षणातल्या एका सूत्राशी जुळतं: अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक. व्यसनाच्या अभ्यासात आज या कल्पनेला मोठं स्थान आहे.

उलट दिशेनंही देवाणघेवाण झाली. जॉन हॉपफिल्ड यांनी १९८२ साली मांडलेलं स्मृतीचं जाळं मेंदूवरून सुचलेलं होतं. यंत्र-शिक्षणाचा पाया घालणाऱ्या अशा कामासाठीच २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं.

पीएचडीनंतर कोणी पोस्टडॉक करून अध्यापनात जातं, कोणी वैद्यकीय उपकरणांच्या, डेटाच्या किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात. विद्यापीठांतल्या कायम जागा पीएचडी होणाऱ्यांपेक्षा कमी आहेत, हे आधीच माहीत असावं आणि दोन्ही वाटांची तयारी ठेवावी. गोंगाटानं भरलेल्या आकड्यांतून सावधपणे निष्कर्ष काढण्याची सवय दोन्हीकडे उपयोगी पडते.

ही वाट मनात असेल, तर प्रवेशपरीक्षेची वाट पाहत थांबू नका. गेर्स्टनर आणि सहकाऱ्यांचं ‘न्यूरोनल डायनॅमिक्स’ हे पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचता येतं. २०२० साली सुरू झालेल्या न्यूरोमॅच अकॅडमीचे धडेही सर्वांना खुले आहेत. ज्या गणितासाठी हक्सलीला तीन आठवडे हातानं यंत्र फिरवावं लागलं, ते या सुट्टीत स्वतः लिहून पाहा. स्पाइक पडद्यावर उमटला, की त्यातला एक आकडा बदला आणि काय होईल याचा अंदाज प्रोग्रॅम चालवण्याआधी कागदावर लिहा. अंदाज चुकला तर का चुकला ते शोधा. हा शोध तुम्हाला जेवणखाण विसरायला लावत असेल, तर अर्ज जरूर करा. मेंदूच्या शास्त्राला तुमची गरज आहे.